२ नॅनोमीटरच्या पुढे काय? अणूच संपत आले की हो

सांगलीकर_ईटीसी

मंडळी, प्रश्न बावळट वाटला तर वाटू दे, पण दोन रात्री डोक्यातून जात नाहीये. मी २००३ साली इलेक्ट्रॉनिक्सला बीई झालो, त्यानंतर सोल्डरिंग आयर्न हातात धरलं असेल ते एकदाच, दिवाळीची लाइटची माळ दुरुस्त करायला. पोटापाण्याला इन्शुरन्स. तर मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिने परवा जेवताना विचारलं की बाबा फोनच्या जाहिरातीत ३ नॅनोमीटरची चिप म्हणतात, आता २ ची आलीये, आणि सिलिकॉनच्या स्फटिकात दोन शेजारी अणूंमधलं अंतर ०.२३५ नॅनोमीटर असतं, म्हणजे २ नॅनोमीटरमध्ये जेमतेम आठ-नऊ अणू बसले, पुढे १ झालं की चार, मग अर्धा, मग? मी म्हटलं वरण घे अजून.

आमच्या वेळी मूरचा नियम एका पानात उरकला होता. १९६५ साली गॉर्डन मूर म्हणाला की चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होतील, १९७५ ला त्यानेच दुरुस्ती करून दर दोन वर्षांनी केलं. आमचे सर तेव्हाच सांगायचे की हे दहा वर्षांत आटपणार, तेव्हा १३० नॅनोमीटर जोरात होतं. सर रिटायर झाले, नियम मेला की जिवंत आहे ते अजून कळत नाही, निम्मे लोक म्हणतात मेला निम्मे म्हणतात धडधाकट आहे. तर नक्की काय? अणू खरंच संपत आलेत का आणि संपले की सगळं आहे तिथेच थांबणार का? इंग्रजीत वाचायला घेतलं होतं, तिसऱ्या परिच्छेदात झोप लागली. मराठीत सांगा कोणीतरी.

लेआउटवाला

पोरीचं गणित बरोबर आहे दादा, आकडाच खोटा आहे.

मी बेंगळुरूला चिपच्या लेआउटचं काम करतो, म्हणजे ट्रान्झिस्टर (चालू-बंद होणारे बारीक स्विच) कुठे बसवायचे आणि तारा कुठून न्यायच्या हे बघतो, बारा वर्षं झाली. "२ नॅनोमीटर" चिपमध्ये आडव्या मापात २ नॅनोमीटरचं काहीही नसतं. इंडस्ट्रीच्या स्वतःच्या रोडमॅपमध्ये ३ नॅनोमीटरच्या पिढीसाठी जे आकडे दिलेत ते बघा, एका गेटपासून (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग) शेजारच्या गेटपर्यंत ४८ नॅनोमीटर आणि सगळ्यात दाट तारांमध्ये एका तारेपासून दुसरीपर्यंत २४. ३ कुठेय? कुठेच नाही.

आपल्याकडे फटाक्याची दहा हजारी माळ मिळते ना, तिच्यात दहा हजार फटाके मोजलेत का कोणी? नाव आहे ते. पाच हजारीपेक्षा मोठी एवढंच समजायचं.

पूर्वी असं नव्हतं. १९९३ चा इंटेलचा पेंटियम ०.८ मायक्रॉनचा, म्हणजे ८०० नॅनोमीटरचा होता तेव्हा तो आकडा चिपवर खरंच मोजता यायचा. प्रत्येक पिढीला माप ०.७ पट करायचं, कारण ०.७ गुणिले ०.७ म्हणजे साधारण अर्धं, तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर. १३०, ९०, ६५, ४५, ३२, २२ हे सगळे आकडे असेच आलेत, करून बघा कॅल्क्युलेटरवर. नव्वदीच्या उत्तरार्धात खरं माप आणि नाव यांची फारकत व्हायला लागली, पण नावाची गाडी ०.७ च्या रुळावर तशीच पळत राहिली कारण मार्केटिंगला तीच सोयीची. शेवटी तर २०२१ ला इंटेलने आपल्या सुधारित १० नॅनोमीटरचं नाव बदलून सरळ "इंटेल ७" केलं. लोक हसले, पण त्यांचंही चूक म्हणता येत नाही, कारण बाकीच्यांच्या ७ मध्ये जेवढी दाटी तेवढीच यांच्या १० मध्ये होती, उगाच परीक्षेत नापास दिसत होते. आता १८ए आलंय, ए म्हणजे अँगस्ट्रॉम, नॅनोमीटरचा दहावा भाग, म्हणजे १.८ नॅनोमीटर असं तुम्ही समजावं अशी त्यांची इच्छा.

आणि हे बघा. ३ वरून २ ला आलो तर नावाप्रमाणे दाटी सव्वादोन पट व्हायला हवी, ३ भागिले २ चा वर्ग. टीएसएमसी, तैवानची चिप बनवणारी कंपनी, स्वतः सांगते की त्यांच्या २ नॅनोमीटरमध्ये दाटी १.१५ पट आहे. वीज मात्र तेवढ्याच वेगाला २५ ते ३० टक्के कमी लागते, हा फायदा खरा आहे आणि फोनवाल्यांना तोच पाहिजे असतो. तर मुलीला सांगा अणू भरपूर शिल्लक आहेत.

जुना_खोडकर

म्हणजे शुद्ध फसवणूक की ही. दुधात पाणी घातलं तर एफडीए धाड घालतं आणि हे लोक ४८ ला ३ म्हणून विकतायत तर काय नवीन टेक्नॉलॉजी म्हणून टाळ्या. आणि मला सांगा २००४ साली माझ्या ऑफिसात ३ गिगाहर्ट्झचं मशीन होतं, आज वीस वर्षांनी दुकानात गेलो तर तो पोरगा मला ३.२ गिगाहर्ट्झचा लॅपटॉप दाखवतो, मी म्हटलं बाळा वीस वर्षं काय करत होतात तुम्ही? त्याला उत्तर आलं नाही, म्हणाला काका कोअर जास्त आहेत. जास्त आहेत तर साधी एक्सेल शीट उघडायला तेवढाच वेळ का लागतो. मूरचा नियम राहू द्या, खरा नियम असा आहे की इंजिनियर चिप फास्ट करतात आणि सॉफ्टवेअरवाले ती पुन्हा स्लो करतात, हिशोब बरोबर शून्य.

लेआउटवाला

काका सॉफ्टवेअरचं मी काही बोलत नाही, घरी बायको सॉफ्टवेअरमध्ये आहे.

पण गिगाहर्ट्झचा मुद्दा तुम्ही नेमका धरलात. खरी मेख तिथेच बसलीये आणि ती बसली २००४-०५ च्या आसपासच. मूरचा नियम सगळ्यांना माहीत असतो पण त्याच्या पाठीशी एक दुसरा नियम होता, आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने १९७४ साली मांडलेला. तो म्हणतो ट्रान्झिस्टर लहान केला की त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवायचं, मग तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर बसले तरी एकूण वीज तेवढीच लागते, आणि वर वेगही वाढतो. म्हणजे लहान करा, फास्ट करा, उष्णता वाढत नाही. तीस वर्षं हे फुकटात मिळालं. आपण ज्याला कॉम्प्युटरची प्रगती म्हणतो त्यातली बरीच ह्या फुकटच्या जेवणावर झाली.

मग व्होल्टेज साधारण १ व्होल्टला येऊन अडकलं. का, तर स्विच बंद केला तरी थोडा करंट गळत राहतो, आणि व्होल्टेज जेवढं खाली आणाल तेवढा "चालू" आणि "बंद" यातला फरक पुसट होतो. खोलीच्या तापमानाला करंट दहापट कमी करायला गेटचं व्होल्टेज कमीत कमी ६० मिलिव्होल्टने खाली यावं लागतं, हा फिजिक्सचा हिशोब आहे, कंपनी कुठलीही असो, नेहमीच्या ट्रान्झिस्टरला सुटका नाही. त्यामुळे ट्रान्झिस्टर लहान होत गेले पण व्होल्टेज उतरेना, चिपा तापायला लागल्या. २००४ ला इंटेलने पेंटियम ४ कसाबसा ३.८ पर्यंत नेला, ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला रद्द केला आणि त्याच्या पुढचं टेहास नावाचं अख्खं डिझाइनही गुंडाळलं. तिथून सगळे एका कोअरवरून (चिपमधला हिशोब करणारा स्वतंत्र भाग) दोन, चार, आठ असे आडवे पसरले. तुमच्या दुकानातला पोरगा बरोबर बोलत होता, फक्त त्याला का ते सांगता आलं नाही. आणि आजचा ३.२ वाला एका टिकटिकीत त्या जुन्यापेक्षा कितीतरी जास्त काम उरकतो, गरज पडली की पाचच्या वरही जातो.

आइंडहोवनची_वैनी

लेआउटवाले भाऊजी, नाव खोटं आहे हे मान्य पण "अणू भरपूर शिल्लक आहेत" हे काय पटलं नाही. नाव खोटं म्हणून अडचण खोटी होत नाही. आडव्या मापात शिल्लक असतील, उभ्या मापात कधीच संपले होते. गेट आणि सिलिकॉनच्या मध्ये जो इन्सुलेशनचा थर असतो तो ९० आणि ६५ नॅनोमीटरच्या काळात १.२ नॅनोमीटरपर्यंत आला होता, पाचेक अणूंचे थर फक्त. इलेक्ट्रॉन सरळ त्यातून आरपार जायला लागले, टनेलिंग, बारावीला असतं की. मग २००७ ला ४५ नॅनोमीटरला इंटेलने तो थर बदलून हॅफ्नियमचं ऑक्साइड घातलं, जे जाड ठेवूनही पातळ असल्यासारखं वागतं. म्हणजे मुलीचा प्रश्न जुनाच आहे, वीस वर्षांपूर्वी एकदा येऊन गेलाय आणि मटेरियल बदलून निभावलं.

आणि गेटचा आकार बदलला तेही सांगा ना. मी सांगते. अंगणात रबरी पाइपने झाडांना पाणी घालताना पाणी बंद करायचं असेल तर पाइपवर पाय देतो, एका बाजूने दाब. पाइप जुना झाला की पायाखालूनही पाणी झिरपतं. जुना ट्रान्झिस्टर असा होता, गेट फक्त वरून. २०११-१२ ला इंटेलने २२ नॅनोमीटरला सिलिकॉनची उभी भिंत केली माशाच्या परासारखी, आणि गेट तिन्ही बाजूंनी, हे फिनफेट. आता २ नॅनोमीटरच्या पिढीत सिलिकॉनच्या पट्ट्या एकावर एक अधांतरी आणि गेट चारी बाजूंनी, म्हणजे मुठीत धरून आवळला पाइप. सॅमसंगने हे २०२२ ला ३ नॅनोमीटरलाच सुरू केलं. आता पाचवी बाजू नाही, त्यामुळे ह्या वाटेने पुढे जाता येत नाही.

माझं काम लिथोग्राफी, म्हणजे प्रकाशाने चिपवर नक्षी छापणाऱ्या मशीनच्या बाजूचं आहे म्हणून तिकडचं थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं लहान करणं म्हणजे बारीक पेनाने काढणं. पेन म्हणजे प्रकाश. वर्षानुवर्षं १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरला, त्याने चाळीस नॅनोमीटरपेक्षाही बारीक रेघा काढल्या, एकच थर दोनदा-चारदा छापून, लेन्स आणि वेफर (ज्यावर चिपा छापतात ती सिलिकॉनची चकती) यांच्या मध्ये पाणी घालून, अक्षरशः लोणच्याचा रस पण पिळून काढला म्हणायचं. मग १३.५ नॅनोमीटरचा आला, ईयूव्ही. हा प्रकाश एवढा विचित्र की हवेतही शोषला जातो, काचेतही, त्यामुळे सगळं व्हॅक्यूममध्ये आणि लेन्स नाहीच, सगळे आरसे. एक आरसा जेमतेम ७० टक्के परत पाठवतो आणि असे दहा-अकरा आरसे, ०.७ चा अकरावा घात काढा, दोन टक्के प्रकाश वेफरपर्यंत पोचतो. तो तयार कसा होतो तर वितळलेल्या कथिलाचे थेंब, सेकंदाला ५०,०००, उडत जाणाऱ्या प्रत्येक थेंबावर लेझरचे दोन फटके, पहिला चपटा करायला आणि दुसरा जाळायला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ट्रेनिंगवाला थट्टा करतोय. हो, कथिल, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचं तेच, आजोळी कल्हईवाला यायचा त्याची आठवण झाली.

असली मशीन जगात एकच कंपनी बनवते, एएसएमएल, इथे नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला. नवीन हाय-एनए मॉडेल आणखी बारीक छापतं पण त्याला एकावेळी निम्मीच जागा छापता येते. आत्तापर्यंत एका झटक्यात २६ बाय ३३ मिलिमीटर छापता यायचं, पोस्टाच्या तिकिटाएवढं, त्याचं आता निम्मं. आणि अजून एक गंमत, ह्या प्रकाशाचा एकेक फोटॉन जुन्यापेक्षा चौदापट ताकदीचा, म्हणून तेवढ्याच ऊर्जेत फोटॉनची संख्या चौदापट कमी. संख्या कमी झाली की नशिबाचा भाग वाढतो. पाऊस धो-धो पडला तर अंगण सारखं भिजतं, चार थेंब पडले तर इथे ओलं तिथे कोरडं. रेघ मध्येच तुटते किंवा शेजारणीला चिकटते. मुलीला सांगा अणू संपायच्या आधी फोटॉन कमी पडतायत.

लेआउटवाला

वैनी शरण. उभ्या मापाचं विसरलो, आमच्या टूलमध्ये सगळं वरून दिसतं ना.

चाकण_शिफ्टवाला

मला एक सांगा, तुम्ही सगळे २ आणि १.८ च्या गप्पा मारताय, मग आपलं गुजरातमध्ये धोलेराला टाटांचं फॅब, म्हणजे चिपचा कारखाना होतोय तैवानच्या पीएसएमसीबरोबर, ९१ हजार कोटी रुपयांचं, त्यात तर २८ ते ११० नॅनोमीटर बनणार म्हणतात. ग्रुपवर लोक खिल्ली उडवतायत की जग २ वर आणि आपण २८ वर. माझं मत वेगळं आहे. मी गाड्यांच्या पार्टच्या लाइनवर आहे. २०२१ ला आमच्याकडे शिफ्टच्या शिफ्टा रिकाम्या गेल्या, गाड्या तयार होऊन उभ्या आणि एका कंट्रोलरसाठी अडलेल्या, घरी बसवलं होतं पोरांना. ती जी चिप नव्हती ती काय ३ नॅनोमीटरची नव्हती, जुनीच होती, दोनशे-तीनशे रुपयांचा माल. काच वरखाली करायला, एअरबॅगला, इंजिनाला कोणी २ नॅनोमीटर लावत नाही, उष्णता, व्होल्टेज, धक्के, पंधरा वर्षं टिकायला पाहिजे. खिल्ली उडवणाऱ्यांच्या स्वतःच्या गाडीत शेकडो असल्या जुन्या चिपा आहेत.

लेआउटवाला

शंभर टक्के. आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तर १८० नॅनोमीटर चालतं, इस्रोच्या रॉकेटांसाठीचा विक्रम ३२०१ हा ३२ बिटचा प्रोसेसर तिथेच बनलाय, २०२५ ला जाहीर झाला. तिकडे मोठा ट्रान्झिस्टर असला तर बिघडत नाही, तापमानाचे हाल सोसायचे असतात. मोहालीच्या त्या फॅबला १९८९ ला आग लागली नसती तर काय झालं असतं यावर आमच्या कॅन्टीनमध्ये दर महिन्याला एक भांडण ठरलेलं.

२८ बद्दल अजून एक. फिनफेटच्या आधीचा तो शेवटचा सुटसुटीत टप्पा. तिथपर्यंत प्रत्येक पिढीला ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेला. २८ नंतर तो फायदा जवळपास आटला असं गणित मांडणारे बरेच आहेत, ट्रान्झिस्टर दुप्पट मिळतात पण वेफरची किंमतही तशीच चढते. मूरचा मूळ मुद्दा तर स्वस्ताईचाच होता, १९६५ च्या लेखात तो सगळ्यात कमी खर्चाला किती घटक बसतात याच हिशोबात बोलतोय. म्हणून मेला म्हणणारे आणि जिवंत म्हणणारे दोघंही बरोबर. मोजून बघितलं तर ट्रान्झिस्टर वाढतायत, १९७१ च्या इंटेलच्या ४००४ प्रोसेसरमध्ये २,३०० होते आणि २०२४ च्या एनव्हिडियाच्या ब्लॅकवेल चिपमध्ये २०,८०० कोटी. बिल बघितलं तर नियम गेला.

सांगलीकर_ईटीसी

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. वैनी तुमचं कथिलाचं मी मुलीला वाचून दाखवलं, तिचा विश्वास बसला नाही, व्हिडिओ शोधून बघितला तिने. आता तिचा पुढचा प्रश्न, आणि माझाही, की पाचवी बाजू नाही, फोटॉन कमी, व्होल्टेज उतरत नाही, पैसे वाचत नाहीत, मग पुढच्या दहा वर्षांत नक्की करणार काय? ती म्हणते क्वांटम कॉम्प्युटर. मी म्हटलं आधी विचारून येतो.

लेआउटवाला

क्वांटम नाही. ते काही ठरावीक गणितांपुरतं आहे, तुमच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप चालवायला येत नाही, आणि आज त्याला थंड करायला लागणारा पिंपच माणसाएवढा असतो.

उत्तर मुंबईकराला लगेच कळेल. जमीन वाढत नाही, मग काय करतो आपण? एफएसआय वाढवून घेतो. वर चढायचं.

हे एकदा होऊन गेलंय आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. तुमच्या पेनड्राइव्हमधली, फोनमधली फ्लॅश मेमरी. ती लहान होत होत १५-१६ नॅनोमीटरला आली, पुढे पेशीत इलेक्ट्रॉनच एवढे थोडे राहायला लागले की डेटा टिकेना. मग २०१३ ला सॅमसंगने चक्क उलटं केलं, पेशी परत मोठी केली आणि २४ मजले रचले. आता एसके हायनिक्सचे ३२१ मजले आहेत. लहान करणं सोडून दिल्यावर मेमरी स्वस्त झाली! प्रोसेसरमध्ये हे एवढं सोपं नाही कारण मेमरी बहुतेक वेळ झोपलेली असते आणि प्रोसेसर सतत तापलेला, मधल्या मजल्यावरचा भाडेकरू उकडून मरेल. पण दिशा तीच. एन आणि पी असे दोन जातीचे ट्रान्झिस्टर आज शेजारी-शेजारी बसतात, ते एकावर एक बसवायचे, सीफेट म्हणतात त्याला, टीएसएमसी, इंटेल, सॅमसंग तिघांनीही लॅबमध्ये करून दाखवलंय, बाजारात यायला २०३० उलटेल.

त्याच्या आधीचं एक काम झालंसुद्धा, आणि मी स्वतः त्याने भारावलोय कारण माझं अर्धं आयुष्य ह्यात गेलं. आजवर वीज आणि सिग्नल दोन्हीच्या तारा चिपच्या वरच्याच अंगाला, पंधरा-पंधरा थर, वाड्याच्या एकाच बोळातून नळ पण, वायरी पण, गटार पण, आणि येणारे-जाणारे पण. आता विजेच्या तारा मागच्या बाजूने आणायच्या. वेफर उलटा करून पाठ घासून घासून एवढी पातळ करायची की ट्रान्झिस्टरचे तळवे दिसतील आणि तिथून वीज द्यायची. इंटेलच्या १८ए मध्ये हे आलंय. सिग्नलला बोळ मोकळा.

दुसरी वाट म्हणजे तुकडे. गच्चीवर पापड वाळत घातलेत समजा, आणि वाऱ्याने दहा खडे येऊन पडले. अख्ख्या गच्चीवर वीसच भलेमोठे पापड असतील तर दहा खराब, निम्मा माल गेला. तेवढ्याच गच्चीवर दोनशे छोटे असतील तर खडे तेच दहा, वाया गेले दहाच, एकशे नव्वद चांगले. वेफरवर धुळीचा कण असाच पडतो. म्हणून एक मोठी चिप करण्यापेक्षा छोट्या चिपलेट करायच्या आणि एका पाटावर मांडून जोडायच्या. एएमडीने २०१९ च्या एपिक प्रोसेसरमध्ये हिशोब करणारे तुकडे ७ नॅनोमीटरचे आणि बाहेरच्या जगाशी बोलणारा मधला तुकडा जुन्या १४ चा ठेवला, कारण तो भाग लहान करून काही फायदाच होत नाही. मगाशी म्हटलं त्या ब्लॅकवेलचे २०,८०० कोटी सुद्धा दोन तुकड्यांत आहेत, वैनी म्हणाल्या ते तिकीट पुरलं नाही म्हणून दोन तिकिटं चिकटवली.

आणि एक वाईट बातमी, जी जाहिरातीत कधीच येणार नाही. चिपच्या आत जी झटपट मेमरी असते, एसरॅम, तिची पेशी टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटरला ०.०२१ चौरस मायक्रॉन होती आणि पुढे ३ नॅनोमीटरच्या जास्त चालणाऱ्या प्रकारातही ०.०२१ च राहिली. एक पिढी अख्खी गेली आणि मेमरी तिळभर लहान झाली नाही. २ ला थोडी सुटका झालीये. आजच्या चिपची बरीच जागा ही मेमरीच खाते. त्यामुळे आता सगळा जोर मेमरी जवळ आणण्यावर आहे, प्रोसेसरच्या शेजारी मेमरीचे मनोरे उभे करतात ते एचबीएम. कारण दोन आकड्यांची बेरीज करायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या शेकडो पट ते आकडे बाहेरच्या मेमरीतून उचलून आणायला लागते. हिशोबापेक्षा हमालीच जास्त. मला विचाराल तर पुढची दहा वर्षं ही हमाली कमी करण्याची आहेत, नॅनोमीटरचा आकडा काय छापायचा तो छापू देत.

आइंडहोवनची_वैनी

पापडाचं आवडलं, उद्या ऑफिसात सांगते, पापड म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल.

मुलीच्या १ नॅनोमीटरचं राहिलं. २०१६ ला बर्कलेच्या लॅबमध्ये १ नॅनोमीटरचं गेट असलेला ट्रान्झिस्टर खरोखर करून दाखवलाय, नावाचा नाही, मापाचा. सिलिकॉन नव्हतं त्यात, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ज्याचा एक थर म्हणजे तीनच अणूंची जाडी, आणि गेट म्हणून एक कार्बन नॅनोट्यूब. तर होतं. पण एक करणं वेगळं आणि एका वेफरवर न चुकता लाखो कोटी करणं वेगळं. एक सुंदर पुरणपोळी कोणीही करतं, लग्नाची पंगत उठवून दाखवा.

जुना_खोडकर

मी काय म्हणतो, हे तुकडे जोडायचं तुम्ही नवीन म्हणून सांगताय पण आमच्या पुण्यात सीडॅक ह्या सरकारी संस्थेने १९९१ ला परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर ह्याच बुद्धीने केला होता. अमेरिका सुपरकॉम्प्युटर द्यायला का-कू करत होती, तर विजय भटकर आणि मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर आणून समांतर जोडले. एक बैल मिळेना तर चार शेळ्या जुंपल्या. चिपच्या आत नाही केलं, कपाटात केलं, पण अक्कल तीच की नाही?

लेआउटवाला

अक्कल तीच काका, आणि त्रासही तोच. शेळ्या जुंपणं सोपं, चौघी एका दिशेला चालवणं अवघड. तुमची एक्सेल शीट म्हणूनच फास्ट होत नाही, तुमच्या आठ कोअरमधली एकच शेळी तिला ओढते, बाकीच्या सात चरत असतात.

जुना_खोडकर

हे पहिलं समाधानकारक उत्तर मिळालं वीस वर्षांत.

सांगलीकर_ईटीसी

सगळ्यांचे आभार. सगळं वाचून दाखवलं तिला, एफएसआय लगेच कळला कारण आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट सहा वर्षं अडकलंय. पण लेआउटवाले, पापडात तिने चूक काढलीये. म्हणते पापड गोल आणि गच्ची चौकोनी, तुमच्याकडे उलटं आहे, वेफर गोल आणि चिप चौकोनी, मग कडेचे तुकडे वाया जातात ना सगळे? चौकोनी वेफर का करत नाहीत?

लेआउटवाला

घ्या. हिला इंटर्नशिपला पाठवा.

वाया जातात, कडेच्या अर्धवट चिपा फेकूनच द्याव्या लागतात. पण सिलिकॉनचा ठोकळा ज्या पद्धतीने करतात त्यात तो गोलच निघतो. वितळलेल्या सिलिकॉनमध्ये स्फटिकाचा एक छोटा तुकडा बुडवायचा आणि गरगर फिरवत सावकाश वर ओढायचा, त्याला चिकटून सिलिकॉन गोठत जातं, मेणबत्ती करताना दोरी मेणात बुडवून काढतात तसं. फिरवत काढलेली वस्तू गोलच होणार. मग तिच्या चकत्या कापायच्या, ३०० मिलिमीटरच्या. ही पद्धत चोक्राल्स्की नावाच्या पोलिश माणसाला १९१६ च्या सुमारास सापडली, सांगतात की त्याने विसरभोळेपणाने टाक शाईच्या दौतीऐवजी वितळलेल्या धातूत बुडवला.

आइंडहोवनची_वैनी

कथिलात बुडवला, भाऊजी. कथिलच होतं.